किल्ली फिरवण्याआधी : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही मोटारसायकलविषयी प्रश्न मागवले होते. इंजिनाच्या दुरुस्तीबद्दल जास्त पत्रे येतील असा आमचा कयास होता. प्रत्यक्षात बहुतेकांनी गाडी हाताळण्याविषयी आणि घरातून निघण्यापूर्वी काय पाहावे याविषयी विचारले आहे. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. काही प्रश्न जागेअभावी संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका असून गेली बारा वर्षे बिनगियरची स्कूटर चालवते. बदलीनंतर आता कुंभार्ली घाटाच्या बाजूच्या शाळेत जावे लागते. यजमानांची १२५ सीसीची, पाच गियरची मोटारसायकल दिवसभर घरीच उभी असते, म्हणून ती शिकायला घेतली. दोन वेळा गाडी झटका देऊन बंद पडली आणि एकदा तर ब्रेक दाबूनही ती थांबेना; कुंपणाला टेकल्यावरच थांबली. ब्रेक तपासून घेतले, ते उत्तम आहेत. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे मला जमेल का?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : जमेल. वयाचा यात फारसा संबंध नाही. संबंध आहे तो बारा वर्षांच्या सवयीचा. स्कूटरला दोन्ही हातांत ब्रेक असतात आणि डाव्या हाताचा खटका मागचे चाक रोखतो. मोटारसायकलला त्याच जागी, त्याच आकाराचा जो खटका असतो तो क्लचचा. तो दाबला की इंजिन आणि मागचे चाक यांचा संबंध सुटतो आणि गाडी अधिकच मोकळी होऊन पुढे जाते. कुंपण जवळ आले तेव्हा तुमचा डावा हात बारा वर्षांच्या सवयीने आवळला गेला असणार, आणि ब्रेक लागत नाही म्हणून तुम्ही तो आणखी जोरात आवळला असेल. स्कूटरवरून मोटारसायकलवर आलेल्या जवळपास प्रत्येकाची पहिली चूक हीच असते, त्यामुळे तिची लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

यावरचा उपाय रस्त्यावर करायचा नसून अंगणात, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून आणि किल्ली काढून ठेवून करायचा आहे. आसनावर बसा आणि एकेक अवयव कुठे जातो ते पाहा. उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर, तिच्यासमोर पुढचा ब्रेक, उजव्या पावलाखाली मागचा ब्रेक; डाव्या हातात क्लच आणि डाव्या पावलाखाली गियर. म्हणजे थांबवण्याचे सगळे सामान उजव्या अंगाला आहे आणि गियर बदलण्याचे सगळे सामान डाव्या अंगाला आहे. मग घरातल्या कोणाला तरी मध्येच, बेसावध क्षणी ‘थांब’ असे ओरडायला सांगा. त्या शब्दासरशी उजवा हात आणि उजवे पाऊल आधी दाबले गेले पाहिजे, डावा हात त्यानंतर. तीनचार संध्याकाळी पंधरा पंधरा मिनिटे हा उद्योग केलात की हात स्कूटर विसरू लागतो. शेजारी हसतील, हसू द्यावेत.

याच बैठकीत खटके तुमच्या हाताच्या मापाचे आहेत का हेही पाहून घ्या. गाडी यजमानांच्या हाताला जुळवलेली असणार. क्लचचा खटका बोटांच्या मधल्या पेरांत न येता टोकांशीच येत असेल, तर तो नीट सोडता येत नाही आणि गाडी झटका देते. खटका ज्या पट्टीने हँडलला बसवलेला असतो तिचे स्क्रू सैल करून तो थोडा वरखाली फिरवता येतो. मनगट न वाकता कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ राहील अशा बेताने तो बसवून घ्या. खटक्याच्या मुळाशी साधारण दोनतीन मिलिमीटर ढील असावी. ती अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहून घसरतो आणि झिजतो. फार असेल तर खटका पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही आणि गियर खडखडतो.

आता झटक्याविषयी. मोकळ्या, सपाट मैदानावर गाडी सुरू करा, क्लच पूर्ण दाबून पहिला गियर टाका आणि ॲक्सिलरेटरला हातही न लावता क्लच अगदी सावकाश सोडू लागा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. क्लच धरतो ती ही जागा. तेथेच हात थांबवा, गाडी दोन पावले चालू द्या, पुन्हा क्लच दाबा, ब्रेक लावा. सपाट जमिनीवर १२५ सीसीची गाडी ॲक्सिलरेटर न देताही पहिल्या गियरमध्ये चालू पडते, हे एकदा अनुभवले की क्लचची भीती निम्मी होते. ही जागा डोळे मिटून सापडेपर्यंत दुसऱ्या गियरकडे वळू नका. गियरचा क्रम मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावा, कारण काही गाड्यांत पहिला गियर पुढे दाबून आणि बाकीचे टाचेने मागे दाबून पडतात, तर काहींत सगळे गियर पुढेच दाबायचे असतात. चपलेची टाच गियरच्या मागच्या पट्टीवरून सटकते, म्हणून बंद बूट घाला. ओढणी किंवा पदर आवळून बांधलेला हवा. मागच्या चाकात तो ओढला गेला तर सोडवायला वेळ मिळत नाही.

घाटाचा रस्ता आहे म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या सांगतो. चढावर थांबून निघताना उजव्या पावलाने मागचा ब्रेक धरून ठेवावा, क्लच त्या धरण्याच्या जागेपर्यंत आणावा, थोडा ॲक्सिलरेटर द्यावा, आणि गाडी पुढे ओढ घेते आहे असे जाणवल्यावरच ब्रेक सोडावा. उतरताना ज्या गियरमध्ये तो चढ चढला असता त्याच गियरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला मागे खेचून धरते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे बरेच दिसतात. सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात आणि शेवटच्या वळणांवर नेमके कमी पडतात.

तुमचा परवाना केवळ बिनगियरच्या दुचाकीचा असेल, तर गियरच्या दुचाकीसाठी त्यात नोंद वाढवून घ्यावी लागेल. त्यासाठी आधी शिकाऊ परवाना काढावा लागतो. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून रोज सकाळी मोटारसायकलवर बाहेर पडतो. निघण्यापूर्वी गाडी तपासण्याची मला जुनी सवय आहे. मुलगा म्हणतो की नव्या गाडीत काही बिघडले तर मीटरवर दिवा लागतो, हे सोपस्कार आता कशाला? त्याचे बरोबर आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अर्धे बरोबर आहे. इंजेक्शन (इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत इंजिनाच्या नियंत्रणात दोष आला तर पिवळा दिवा लागतो आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, बिघडल्यास तिचाही दिवा लागतो. पण आपल्याकडच्या रोजच्या वापराच्या गाड्यांत टायरमधली हवा, चेनची ढील, ब्रेकच्या लायनरची झीज किंवा मागचा बंद पडलेला लाल दिवा यांची वर्दी देणारे मीटरवर सहसा काही नसते. ज्या गोष्टींनी माणूस पडतो त्यांतल्या बऱ्याच या यादीत येतात. त्यामुळे तुमची सवय सोडू नका. फक्त ती आटोपशीर ठेवा, कारण वीस मिनिटांची तपासणी आठवडाभरात बंद पडते आणि दोन मिनिटांची वर्षानुवर्षे टिकते.

गाडीला एक प्रदक्षिणा घालावी, एवढेच मी सुचवेन. सुरुवात पुढच्या टायरपासून. अंगठ्याने टायर दाबून हवा कळते हा समज चुकीचा आहे. निम्मी हवा गेलेला टायरही अंगठ्याला टणकच लागतो. अंगठ्याने फार तर पंक्चर कळेल. हवा मापकानेच पाहावी, दर आठवड्याला, आणि टायर थंड असताना, कारण चार किलोमीटर धावून तापलेला टायर दाब जास्त दाखवतो. किती हवा हवी ते चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाच्या दांड्यावर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असते. साध्या गाड्यांत एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास, आणि मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात चारपाच पीएसआय जास्त, असा हिशेब सर्वसाधारणपणे आढळतो; तरी पट्टीवरचा आकडा अंतिम मानावा. हवा भरणारा मुलगा ‘पुढे तीस मागे चाळीस’ म्हणत सगळ्यांना एकच माप लावतो, त्याला आपला आकडा सांगावा. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत नक्षीच्या खाचेत एक उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला भिडली की टायर संपला. फार वापर नसलेल्या गाडीच्या टायरवर कोरलेला चार आकड्यांचा शिक्काही वाचावा : २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबर वयाने कडक झालेले असू शकते.

तेथून उजव्या बाजूने मागे जाताना पुढचा ब्रेक दाबून पाहा. डिस्क असेल तर खटका टणक लागला पाहिजे. स्पंजासारखा मऊ लागून मुठीपर्यंत आला तर त्यात हवा शिरली आहे किंवा ब्रेक ऑइल उतरले आहे. हँडलवरच्या छोट्या डबीच्या काचेत ऑइलची पातळी खालच्या खुणेच्या वर हवी. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून पातळी ठीक असली तरी साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मागे ड्रम असेल तर ब्रेकच्या दांडीजवळचा छोटा बाण पाहा. पायाने ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण ड्रमवरच्या खुणेपर्यंत पोहोचत असेल तर लायनर बदलायला झाले.

येथे स्वतःचा एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मागच्या चाकाचे पंक्चर काढून घेतले, पैसे दिले आणि निघालो. पहिल्याच चौकात मागचा ब्रेक दाबला तर पावलाखालची पट्टी नुसतीच खाली गेली. चाक काढताना ब्रेकच्या दांडीचा नट सोडला होता आणि परत बसवताना तो दोनचार आट्यांवर तसाच राहून गळून पडला होता. पुढच्या ब्रेकने गाडी थांबली, आणि चौकही सुदैवाने रिकामा होता. दुकानदार पोर नवे होते, त्याला दोष देऊन काय उपयोग. दोष माझा, की जागेवरच एकदा ब्रेक दाबून पाहिला नाही. तेव्हापासून पंक्चर असो, सर्व्हिसिंग असो, की नुसती धुलाई असो, गाडी दुसऱ्याच्या हातून परत आली की मी ती हलवण्याआधी दोन्ही ब्रेक दाबतो. डिस्कचे पॅड नवे घातले असतील तर हे अधिकच गरजेचे असते, कारण पॅड बसवताना आतले दट्टे मागे ढकललेले असतात आणि पहिले दोनतीन वेळा खटका पोकळ जातो.

चेन खालच्या बाजूने मधोमध बोटाने वरखाली करून पाहावी. बहुतेक साध्या गाड्यांत दोन ते तीन सेंटिमीटर खेळ अपेक्षित असतो. चेन फार ताठ असणे हे ती सैल असण्याइतकेच वाईट, कारण माणूस बसल्यावर ती आणखी ताणली जाते. पूर्ण झाकलेल्या चेनकव्हरला बोट घालण्यापुरते रबरी बूच असते, ते काढून पाहता येते. मात्र इंजिन चालू असताना तेथे बोट घालू नये, हे तुम्हाला सांगायला नको, पण घरातल्या नातवंडांना सांगावे.

दिव्यांपैकी पुढचा दिवा १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, त्यामुळे तो लगेच नजरेत येतो. मागचा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही. पहाटे किंवा संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि भिंतीवरचा लाल उजेड पाहा. हाताचा ब्रेक दाबून एकदा आणि पायाचा दाबून एकदा, असे दोनदा पाहावे लागते, कारण दोन्हींची बटणे वेगवेगळी असतात आणि त्यांतले एक बंद पडलेले असू शकते.

इंजिन ऑइल रोज पाहण्याची गरज नाही, आठवड्यातून एकदा पुरे. इंजिन दोनतीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडा वेळ ऑइल खाली उतरू द्यावे आणि गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी असतानाच पाहावे. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत पातळी खोटी दिसते. ऑइल मोजण्याच्या काडीवर पाहायचे असल्यास बऱ्याच गाड्यांत काडी पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवून आत बसवायची नसते. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले असते.

शेवटी साइड स्टँड. अलीकडच्या अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना गियर टाकला की इंजिन बंद पडते. जुन्या गाडीत ती सोय नाही, आणि स्टँड खाली ठेवून निघालेली गाडी पहिल्या डाव्या वळणावर डावीकडे कलते तेव्हा तो जमिनीला अडकून गाडी उचलतो. एवढी प्रदक्षिणा दीडदोन मिनिटांत होते. तिचा खरा फायदा असा, की रोज पाहिल्याने आपल्या गाडीचा रोजचा रंग कसा असतो ते डोळ्यांत बसते आणि आज काही वेगळे असेल, जमिनीवर ऑइलचा एक नवा थेंब असेल, तर तो लगेच खटकतो. मुलाला हेही सांगा, की मीटरवरचे दिवे किल्ली फिरवल्यावर काही क्षण पेटून मग विझले पाहिजेत, आणि एबीएसचा दिवा गाडीने थोडा वेग घेतल्यावर. जो दिवा मुळात पेटतच नाही, त्याच्या न लागण्याला अर्थ नसतो.

प्रश्न : पार्किंगमध्ये ठेवलेली गाडी सकाळी सुरूच होईना. बटण दाबले की इंजिन फिरे, पण पेट घेत नसे. अर्धा किलोमीटर ढकलत नेली, तर मेकॅनिकने हँडलवरचे लाल बटण दाबले आणि ती सुरू झाली. त्याने पैसे घेतले नाहीत, पण हसला. हे बटण असते कशाला?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : गाडी पडली किंवा ॲक्सिलरेटर अडकला तर मुठीवरचा हात न काढता इंजिन बंद करता यावे यासाठी. म्हणूनच ते उजव्या अंगठ्याजवळ असते आणि म्हणूनच येता जाता मुले त्याला हात लावतात. काही गाड्यांत ते बंद असताना सेल्फ फिरतच नाही, काहींत तुमच्यासारखे फिरते पण ठिणगी पडत नाही. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवली की पेट्रोलच्या टाकीतून दोन क्षण पंपाची घूं ऐकू येते. ती संपल्यावरच सेल्फ मारावा. ज्या दिवशी ती ऐकू येणार नाही, त्या दिवशी आधी लाल बटण पाहा. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत अशा वेळी पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना आणि तो रिझर्व्हवर तर राहिलेला नाही ना, हे पाहायचे असते.

प्रश्न : ‘पुढचा ब्रेक कधी मारायचा नाही, उलटून पडशील’ असे वडील आणि काका दोघेही सांगतात. माझी गाडी १५० सीसीची असून तिला पुढे डिस्क व एबीएस आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वडीलमंडळींचा अनुभव खोटा नाही, पण तो वेगळ्या प्रसंगातला आहे. वाळूवर, मातीवर किंवा वळणात कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक एकदम आवळला की पुढचे चाक घसरते, आणि पुढचे चाक घसरले की सावरायला संधी मिळत नाही. त्या पिढीने कच्च्या रस्त्यांवर हे पाहिले आहे. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर, गाडी सरळ असताना, थांबवण्याचे जास्तीत जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, पुढचे शॉक दबतात, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मागचा हलका होतो. हलक्या झालेल्या मागच्या चाकाला कितीही ब्रेक लावला तरी ते फरफटत जाते, गाडी थांबत नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या टायरच्या लांबलचक काळ्या रेघा बहुतेक वेळा या फरफटीच्या असतात.

म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत, आणि पुढचा आवळताना लिंबू पिळावे तसा आधी हळू आणि मग वाढत्या जोराने आवळावा. झटक्याने आवळणे आणि जोराने आवळणे यांत फरक आहे. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो, म्हणजे काकांची गाडी नवी असेल तर तेही नकळत पुढचा ब्रेक वापरतच आहेत. तुमच्या गाडीचे एबीएस एका चाकाचे असेल तर ते पुढच्या चाकाला असते; मागचे चाक घसरू शकते हे ध्यानात ठेवावे. रिकाम्या रस्त्यावर तीसच्या वेगाने जोरात ब्रेक लावून एकदा खटक्याखाली होणारी एबीएसची थरथर अनुभवा. पहिल्यांदा ती संकटातच जाणवली तर माणूस दचकून ब्रेक सोडतो.

प्रश्न : मी रोज पहाटे चाळीस लिटरच्या दोन किटल्या गाडीला बांधून डेअरीवर दूध घालतो. समोरून येणारे दिवे मारून शिव्या देतात. माझा दिवा खालीच असतो. असे का?
— एक दूध उत्पादक, सांगली जिल्हा

उत्तर : चाळीस लिटर दूध म्हणजे सुमारे एकेचाळीस किलो, त्यात किटलीचे वजन, म्हणजे दोन्ही किटल्या मिळून एका भरभक्कम माणसापेक्षा जास्त भार तुमच्या मागच्या चाकावर आहे. मागची बाजू दबते, नाक वर होते आणि खाली असलेला दिवाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्हाला मात्र रस्त्याऐवजी झाडाच्या फांद्या दिसतात. किटल्या बांधलेल्या स्थितीत गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्याचा स्क्रू फिरवा आणि झोत खाली आणा. मागच्या शॉकला खाचांचे कडे असेल तर ते दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर कडक करा. मागच्या टायरमध्ये दोघांसाठी सांगितलेली हवा भरा, आणि गाडीच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त किती भार सांगितला आहे तेही एकदा पाहा. त्याच्यावर जात असाल तर हवेने आणि शॉकने ते भरून निघणार नाही.

किटल्यांआड मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जात असतील तर किटल्यांच्या मागच्या अंगाला लाल परावर्तक पट्टी चिकटवा. उसाच्या हंगामात पहाटेच्या अंधारात बिनदिव्यांच्या ट्रॉल्या काय करतात ते तुम्ही पाहतच असाल; आपली गाडी त्यांच्या रांगेत नको. किटली अर्धवट भरलेली असेल तर दूध हिंदकळून वळणात गाडी ओढते, त्यापेक्षा एकच भरलेली मधोमध बांधणे बरे. उतरवताना गाडी साइड स्टँडवर असू नये. डावी किटली आधी काढली तर उजवीच्या वजनाने गाडी पलीकडे कलंडते. मधल्या स्टँडवर घेऊन, कोणाला तरी हँडल धरायला सांगून मगच उतरवा.

प्रश्न : गोव्यात भाड्याने मोटारसायकल घ्यायची आहे. ताब्यात घेताना काय पाहावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नंबरपट्टी काळी आणि अक्षरे पिवळी असावीत, ती भाड्याच्या परवान्याची खूण आहे. विम्याची आणि पीयूसीची मुदत पाहा. ब्रेक, हॉर्न, मागचा दिवा आणि टायरची नक्षी दुकानासमोरच पाहा, जुन्या ओरखड्यांची छायाचित्रे काढून ठेवा. दोन्ही हेल्मेटांचे पट्टे लावून पाहा. ज्याचे कुलूप बसत नाही ते हेल्मेट बदलून मागा. आणि पहिली दहा मिनिटे गल्लीतच चालवा, कारण क्लच कुठे धरतो हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. टाकीत बहुधा पंपापर्यंत पोहोचण्यापुरतेच पेट्रोल असते.

प्रश्न : आजोबांची १९८२ सालची बुलेट दुरुस्त करून घेतली आहे. गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात आहे. रोज मी नवी गाडी चालवतो. बुलेट रविवारी काढावी म्हणतो. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वर शिक्षिकाबाईंना जे सांगितले त्याचा निम्मा भाग तुम्ही उलटा वाचायचा आहे. ही जुनी ब्रिटिश धाटणी. पहिला गियर पायाच्या बोटांनी वर उचलून पडतो आणि पुढचे तीन खाली दाबून. यातला धोका नीट समजून घ्या : घाईच्या क्षणी नव्या गाडीच्या सवयीने तुमचे उजवे पाऊल खाली दाबले जाईल, तेथे ब्रेक नाही, तेथे वरचा गियर आहे. म्हणजे थांबवायला गेलात आणि गाडी आणखी मोकळी झाली असे होईल. सुदैवाने पुढचा ब्रेक दोन्ही गाड्यांत उजव्या हातातच आहे. तेव्हा बुलेटवर असताना थांबण्याची सुरुवात हाताने करायची, असा स्वतःला दंडक घाला. ड्रमचा ब्रेक असल्याने समोरच्या वाहनापासून अंतरही दुप्पट ठेवा.

गियरच्या दांडीशेजारी एक छोटी दांडी असेल, ती न्यूट्रल शोधून देणारी. क्लच दाबून ती पायाने दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमधून गाडी थेट न्यूट्रलमध्ये येते. पहिल्यातून येत नाही. न्यूट्रलचा हिरवा दिवा नाही, म्हणून गाडी मागेपुढे हलवून खात्री करावी आणि मगच किक मारावी.

किक मारणे हा स्वतंत्र विषय आहे. किल्ली फिरवल्यावर किक हाताने दाबल्यासारखी सावकाश खाली न्या आणि दिव्याच्या टोपीवरच्या, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरकडे पाहा. काटा एका बाजूला झुकून मग मध्यावर येईल. तेथे थांबा, डाव्या हाताची डिकम्प्रेसरची (इंजिनातला दाब सोडणारी) छोटी पट्टी ओढा, किक किंचित पुढे सरकवा, पट्टी सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग अंगाच्या वजनाने एकच लांब किक मारा. धसमुसळेपणाने अर्धवट किक मारली तर ती उलटी येते आणि पोटरीवर बसते. आजोबांच्या ओळखीतल्या एखाद्या जुन्या मेकॅनिकसमोर चारदोन वेळा करून पाहा.

तपासणीत एक फरक. या इंजिनाचे ऑइल ज्या कप्प्यात असते तेथून ते आठवडाभर उभ्या गाडीत हळूहळू खाली झिरपते, त्यामुळे रविवारी सकाळी काडीवर पातळी कमी दिसते. लगेच वर ओतू नका. इंजिन काही मिनिटे चालवून मग पाहा. गियरबॉक्सचे वंगण आणि क्लचच्या बाजूच्या कव्हरातले ऑइल ही वेगळी आहेत, तीही विचारून घ्या. गाडी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पाच पाच वर्षांनी नवी करावी लागते. आजोबांच्या नावावरची पुस्तिका तशीच असेल तर आधी आरटीओचे ते काम उरका. आणि पहिले दोनतीन रविवार कोणाला मागे न बसवता, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावरच काढा.